ऑडी ग्रँडस्फिअर: बसायला राजेशाही, पण चाकांनी घोळ केलाय

ऑडीनं सप्टेंबर २०२१ मध्ये म्युनिकच्या आयएए मोटर शोच्या वेळेला ग्रँडस्फिअर नावाची इलेक्ट्रिक कन्सेप्ट सेडान, म्हणजे कल्पना दाखवण्यापुरती बनवलेली गाडी, दाखवली, आणि आरामासाठी बनवलेली सेडान कशी असावी हा विषय निघाला की माझ्या डोक्यात अजूनही पहिलं नाव हेच येतं. शोरूममध्ये मिळणारी गाडी नाही ही, त्यामुळे मायलेज, सर्व्हिस, रीसेल असलं काही इथे मिळणार नाही, हा रिव्ह्यू डिझाइनचा आहे. म्हणजे माणूस आत कसा शिरतो, कुठे बसतो, त्याच्या पाठीचं, मानेचं, कानाचं आणि पोटाचं काय होतं, आणि या सगळ्याचा विचार डिझायनरनी किती खोलवर केलाय. माझं मत आधीच सांगून टाकतो, बसण्याच्या जागेचा इतका चांगला विचार मी दुसऱ्या कुठल्याच कन्सेप्ट सेडानमध्ये बघितलेला नाही, आणि तरीही दोन ठिकाणी या लोकांनी आराम सोडून दिसण्याची बाजू घेतलीय, ते मला खरंच खटकतं.

आधी जे जबरदस्त जमलंय ते. आजवर मोठ्या सेडानमध्ये मानाची जागा म्हणजे मागची सीट. पुढे ड्रायव्हर काम करतोय, मागे साहेब पाय लांब करून बसलेत, पडदे, आर्मरेस्ट, मसाज, सगळं मागे. ग्रँडस्फिअरनं हे उलटं केलं, फर्स्ट क्लास पुढच्या रांगेत आणला. कारण ही गाडी लेव्हल ४ ऑटोनॉमस आहे असं गृहीत धरून काढलेली आहे, म्हणजे ठरावीक रस्त्यांवर गाडी स्वतः चालते आणि माणसानं लक्ष ठेवायचीही गरज नाही, तेव्हा स्टिअरिंग आणि पेडल आत सरकून गायब होतात आणि समोर नुसती मोकळी जागा उरते. ऑडीनं या गाडीला रस्त्यावरचं प्रायव्हेट जेट म्हटलं होतं, आणि जाहिरातीचं वाक्य म्हणून ते सोडून द्यावं असं वाटलं तरी पुढच्या दोन सीटचा फोटो बघितला की मान्य करावं लागतं, कारण एवढी मोठी काच समोर आणि पायाला एवढी जागा, असं आजच्या कुठल्याही सेडानमध्ये पुढे बसून मिळत नाही.

पण मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते आणि तिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. गाडी खड्ड्यावरून जाते तेव्हा ती नुसती वरखाली होत नाही, नाक खाली शेपूट वर, मग नाक वर शेपूट खाली असं झुलते पण. या झुलण्यात सगळ्यात कमी हलतो तो गाडीचा मधला भाग, दोन्ही चाकांच्या बरोबर मधला. नेहमीच्या सेडानची मागची सीट मागच्या चाकाजवळ जाते, म्हणजे मानाची जागा नेमकी जिथे जास्त उडायला होतं तिथे. ग्रँडस्फिअरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३.१९ मीटर आहे, तो ऑडीच्याच ए८ च्या लांब मॉडेलपेक्षाही जास्त, आणि पुढची सीट मागे सरकवून कलली की बसणारा माणूस त्या मधल्या भागाकडे येतो. म्हणजे सस्पेन्शननं काही करायच्या आधीच अर्धं काम जागेनं केलेलं असतं! मला हे फार आवडलं, कारण हे पैसे टाकून किंवा लेदर चढवून होत नाही, कागदावर पहिली रेघ मारतानाच ठरवावं लागतं. गाडी आतून बाहेर अशी डिझाइन केली, आधी केबिन मग बॉडी, असं ऑडीवाले सांगतात, आणि मार्क लिश्टे तेव्हा त्यांचे डिझाइन हेड होते. बाकी काही असो, पुढच्या सीटच्या जागेत तरी ते दिसतं.

हे झुलणं कसं कमी करायचं हा प्रश्न तसा फार जुना आहे. मॉरिस ऑली नावाचे इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅककडे गेले आणि १९३० च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की पुढचं सस्पेन्शन मागच्यापेक्षा थोडं मऊ ठेवलं तर गाडी झुलायची थांबते आणि सपाट वरखाली होते, कारण उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो मग मागच्या, आणि मागचं थोडं जलद हललं की ते पुढच्याला गाठतं आणि दोन्ही टोकं एकदम हलायला लागतात. नुसतं वरखाली झालेलं माणसाला चालतं, झुलणं चालत नाही. आज एअर सस्पेन्शन आणि कॅमेऱ्यानं रस्ता वाचून आधीच तयारी करणारे डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर) आले तरी मूळ गणित तेच आहे आणि लांब व्हीलबेस त्याला मदतच करतो.

आता स्क्रीन. या बाबतीत मी ऑडीला मनापासून दाद देतो. हल्लीच्या महागड्या गाड्यांत चढाओढ चाललीय कोण किती मोठा स्क्रीन लावतो याची, बीएमडब्ल्यूनं २०२२ मध्ये आय७ ला मागच्या सीटसाठी छतातून खाली येणारा ३१.३ इंची स्क्रीन दिला, आणि तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, सिनेमा बघायचा असेल तर मस्तच आहे, पण बंद असतानाही त्या वस्तूची जाणीव राहते. ग्रँडस्फिअरमध्ये विंडशील्डच्या खाली लाकडाचा एक लांब पट्टा आहे आणि जे काही दाखवायचं ते त्या लाकडावर प्रोजेक्ट होतं. नको असेल तेव्हा ते नुसतं लाकूड. एवढंच. संध्याकाळी गाडीत बसल्यावर समोर काळी काच चमकत नाही, लाकूड दिसतं, हे मला आजवरच्या सगळ्या डॅशबोर्डपेक्षा शांत वाटतं. दिवसा कडक उन्हात एवढ्या मोठ्या काचेखाली प्रोजेक्शन नीट दिसायला हवं तर प्रोजेक्टर बराच ताकदीचा लागेल, ती अडचण आहेच, पण दिशा शंभर टक्के बरोबर.

कंट्रोलबद्दल माझं मत अर्धं अर्धं आहे. सीट मागे कलवली की हात काही समोर पोचत नाही, म्हणून त्यांनी डोळे कुठे बघताहेत ते ओळखायचं आणि हातानं हवेत इशारा करायचा अशी सोय केलीय, शिवाय नेहमीसारखं बसलं असताना दाराजवळ हाताला येईल असं कंट्रोल आहे. दाराजवळचं मला पटतं. डोळ्यांचं तितकं पटत नाही, कारण आरामात पडलेला माणूस डोळे मिटतो, इकडेतिकडे बघतो, काहीच न ठरवता बघतो, आणि प्रत्येक बघण्याचा अर्थ लावणारी गाडी असेल तर नजर सांभाळून बसावं लागेल. एसी थोडा कमी करायचाय तर बोटाला एक गोल खटका सापडावा, अंधारात, न बघता, याच्यापुढे आराम जात नाही. आर्मरेस्टवर चार खटके दिले असते तरी काम झालं असतं.

सीटकडे येऊ. बॅकरेस्ट ६० अंशांपर्यंत कलते, म्हणजे जवळजवळ झोपणंच. इथे थोडं शरीराचं सांगायला पाहिजे. १९७० च्या दशकात नासानं स्कायलॅब या अंतराळस्थानकावरच्या अंतराळवीरांचं निरीक्षण केलं, की वजनच नसताना शरीर आपोआप कसं राहतं, तेव्हा धड आणि मांडी यांच्यातला कोन साधारण १२८ अंश निघाला. म्हणजे स्नायूंना काहीच करावं लागत नाही तेव्हा माणूस काटकोनात बसत नाही, थोडा उलगडलेला असतो, गुडघेही थोडे वाकलेले. निसाननं याच अभ्यासावरून त्यांच्या झिरो ग्रॅव्हिटी सीट काढल्या, त्या काही फार महाग गाड्यांत नव्हत्या, २०१३ च्या अल्टिमात आल्या, आणि मला वाटतं लक्झरीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कितीतरी गोष्टींपेक्षा हा शोध मोठा आहे. कारण ज्या सीटवर तीन तास बसून कंबर धरते ती सीट कितीही भारी चामड्यानं मढवा, उपयोग शून्य.

ग्रँडस्फिअरची सीट जेव्हा कलते तेव्हा पाय पुढे पसरायला भरपूर जागा आहे, पेडल आत गेलेले असतात, त्यामुळे तो उलगडलेला कोन इथे खरोखर मिळू शकतो, साध्या गाडीत नुसती पाठ मागे घेतली तर कुशन तसंच सपाट राहतं आणि माणूस हळूहळू पुढे घसरत जातो, मग दर दहा मिनिटांनी स्वतःला वर ओढावं लागतं. म्हणून पाठ कलताना कुशनचं पुढचं टोक वर उचललं गेलं पाहिजे, ही साधी गोष्ट अनेक महागड्या सीट पण नीट करत नाहीत.

आणि घसरण्याचा मुद्दा नुसता आरामाचा नाहीये, जिवाचा आहे. फार कललेल्या सीटवर अपघात झाला तर माणूस पट्ट्याखालून पुढे सरकतो, कमरेचा पट्टा ओटीपोटावर चढतो आणि आतल्या अवयवांना इजा होते. मर्सिडीजनं २०१३ च्या एस-क्लासमध्ये मागच्या कलणाऱ्या सीटच्या कुशनखाली एक एअरबॅग घातली ती याचसाठी, धक्का बसला की कुशनचं पुढचं टोक वर येतं आणि माणसाला अडवून धरतं. तिथे पाठ कलत होती ४३.५ अंशांपर्यंत. ग्रँडस्फिअर ६० म्हणते! आता गाडी आपली आपण चालतेय म्हणून ती कधीच कुणाला धडकणार नाही असं नसतं, मागून दुसरा येऊन ठोकू शकतोच की. म्हणून वेगात असताना ६० अंश ही मला डिझायनरची हौस वाटते. उभ्या गाडीत मात्र तीच गोष्ट सोनं आहे, त्यावर शेवटी येतो.

लेव्हल ४ बद्दल पण बोलायलाच हवं, कारण सगळी गाडी त्याच्यावर उभी आहे. ही कन्सेप्ट आली त्याच वर्षी, मार्च २०२१ मध्ये, होंडानं जपानमध्ये लेजंड गाडीला लेव्हल ३ दिली, फक्त १०० गाड्या आणि त्याही लीजवर. मर्सिडीजला डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीत लेव्हल ३ ची परवानगी मिळाली, ताशी ६० किलोमीटरपर्यंत. आणि लेव्हल ३ म्हणजे गाडीनं सांगितलं की माणसानं काही सेकंदात स्टिअरिंग हातात घ्यायचं, म्हणजे झोपायचं नाही, पाठ सरळच ठेवायची. म्हणजे ग्रँडस्फिअरमधला सगळ्यात मोठा आराम अशा सॉफ्टवेअरवर टांगलेला आहे जे विकत घ्यायच्या सेडानमध्ये तेव्हा नव्हतं. माझी मुख्य तक्रार हीच. आरामाची गाडी सॉफ्टवेअरच्या भरवशावर काढू नये. आधी स्टिअरिंग असतानाच ती कमालीची आरामशीर असली पाहिजे, आणि उद्या सॉफ्टवेअर आलं तर बोनस.

आता गाडी लागण्याचा प्रकार, म्हणजे मळमळ. हा विषय सगळ्या चकचकीत फोटोंमध्ये गायब असतो. आतल्या कानाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना समोर स्थिर काहीतरी दिसत असतं, मेंदूला दोन वेगळ्या बातम्या मिळतात आणि पोट बिघडतं. विशेष करून सेकंदाला एखाद्या वेळेपेक्षाही कमी, अगदी पाच सेकंदाला एक असं संथ हेलकावणं सगळ्यात वाईट. उलट ४ ते ८ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारी, वरखाली थरथर शरीराला सगळ्यात जास्त त्रास देते, पण तिनं मळमळत नाही, अंग शिणतं. म्हणजे फार मऊ सस्पेन्शन करून गाडी बोटीसारखी डोलवली तर एक त्रास, कडक केली तर दुसरा, आणि चांगला इंजिनिअर या दोघांच्या मधली एक-सव्वा हर्ट्झची जागा धरतो. ड्रायव्हरला सहसा लागत नाही कारण पुढे काय होणार ते त्याला माहीत असतं. ग्रँडस्फिअरमध्ये सगळेच पॅसेंजर, आणि समोर लाकडावर सिनेमा चाललेला. पण इथेही पुढे बसण्याचा फायदा होतोच, विंडशील्डच्या खालीच चित्र असल्यामुळे नजरेच्या वरच्या अर्ध्या भागात रस्ता दिसत राहतो. मर्सिडीजच्या एफ ०१५ पेक्षा हे मला कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

एफ ०१५ म्हणजे २०१५ च्या जानेवारीत लास वेगासला सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात आलेली कन्सेप्ट, चार खुर्च्या फिरवून लोक एकमेकांकडे तोंड करून बसणार, बैठकीत बसल्यासारखे. दिसायला फार छान. पण पुढचे दोघं उलटे बसून प्रवास करणार, त्यांना वळण आधी कळणारच नाही, दरवाज्यांना पण स्क्रीन, अशा गाडीत गप्पा मारायच्या म्हणजे पोट घट्टच पाहिजे. त्या गाडीकडून शिकण्यासारखं दुसरंच आहे. तिची लांबी ५.२२ मीटर, ग्रँडस्फिअरपेक्षा कमी, ग्रँडस्फिअर ५.३५ मीटर आहे, आणि तरी एफ ०१५ चा व्हीलबेस ३.६१ मीटर! चाकं अगदी चार कोपऱ्यांना. आणि उंची १.५२ मीटर. दार उघडलं की खुर्ची ३० अंश बाहेर वळते, बसणाऱ्याच्या समोर येते. ही सोय ग्रँडस्फिअरमध्ये हवी होती.

कारण ग्रँडस्फिअरची उंची १.३९ मीटर आहे. आजची एस-क्लास दीड मीटरच्या आसपास असते. त्यात इथे जमिनीखाली बॅटरीचा थर, १२० किलोवॅट अवरची मोठी बॅटरी, म्हणजे फ्लोअर वर आलाय आणि छत खाली. मग मधे माणूस बसवायचा कसा, तर पाठ कलवून आणि पाय लांब करून, आणि सीट फार खाली. कलून पडण्याची जी चैन म्हणून दाखवतात तिच्यात थोडी सक्तीही आहे असं मला वाटतं. आत बसल्यावर ठीक, पण उतरायचं कसं? इतक्या खालच्या सीटवरून उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो, आणि अशा गाड्या घेऊ शकणारी माणसं बहुतेक पन्नाशी ओलांडलेली असतात. दारांची रचना भारी आहे, पुढचं दार पुढे आणि मागचं मागे उघडतं, मधे पिलरच नाही, म्हणजे दोन दारांमधला खांब, त्यामुळे पूर्ण बाजू मोकळी होते आणि तुम्ही जवळ आलात की दार उघडून आतले दिवे, तापमान, सीट सगळं तुमच्या सवयीप्रमाणे लावून ठेवते. स्वागत एक नंबर! पण मांडीच्या उंचीची सीट, जिच्यावर नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे, ती नसली तर स्वागताचा अर्धा आनंद गेला. रोल्स-रॉइसनं २०१६ च्या १०३ईएक्स मध्ये यावर एक टोकाचं उत्तर काढलं होतं, गाडीचं छतच वर उघडतं आणि माणूस आत ताठ उभा राहून चालत बाहेर येतो. गाडी ५.९ मीटर लांब, आत रेशमी सोफा. रस्त्यावर पावसात छत उघडून उभं राहणं काही जमायचं नाही, पण उतरण्याची ऐट किती महत्त्वाची असते हे त्यांना बरोब्बर कळलंय.

ऑडीला सात-आठ सेंटीमीटर उंची वाढवायला काय हरकत होती? हरकत एकच, बाजूनं काढलेलं चित्र मग तितकं सुंदर दिसत नाही. ही गाडी बाजूनं बघितली तर जीटी, म्हणजे लांबच्या प्रवासाची स्पोर्टी गाडी, वाटते, लांब व्हीलबेस, मागे उतरत गेलेलं छत, खरंच देखणी. पण आरामाची सेडान म्हणून काढताय तर निर्णय आत बसणाऱ्याच्या बाजूनं व्हायला हवा.

आणि आता चाकं. २३ इंची! स्पोक्सची रचना १९९१ च्या ऑडी आव्हुस कन्सेप्टची आठवण करून देणारी आहे, तो मान ठेवणं मला आवडतं, आव्हुस होतीच तशी. पण २३ इंची रिम म्हणजे रबराची पट्टी उरते नावाला, आणि टायरची साइडवॉल, म्हणजे रिमच्या बाहेरची रबराची बाजू, ही गाडीची पहिली स्प्रिंग असते. लहान, टोकदार धक्के, रस्त्याचा जोड, खडीचा खरखरीतपणा, हे एअर सस्पेन्शनपर्यंत पोचायच्या आधी रबरात जिरायला हवेत, कारण सस्पेन्शन मोठ्या हालचालींसाठी चांगलं, असल्या झटपट टकटकीला ते तेवढं पुरत नाही. शिवाय चाक जेवढं जड तेवढं ते खड्ड्यात गेल्यावर बॉडीला जास्त हलवतं. आणि रुंद टायर जास्त आवाज करतो. तिन्ही बाजूंनी तोटा, फायदा फक्त दिसण्यात.

सिट्रोएन डीएस आठवा. ऑक्टोबर १९५५, पॅरिस मोटर शो, पहिल्याच दिवशी १२ हजार ऑर्डर आल्या असं सांगतात. तिला ४०० मिलिमीटरचे रिम होते, म्हणजे पावणेसोळा इंच, वर भरपूर रबर, आणि खाली पॉल माजेस यांचं हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन, नायट्रोजन भरलेले गोळे आणि तेल, गाडीत कितीही माणसं बसली तरी ती आपली उंची स्वतः सारखी करायची. आत जाड फोमच्या सीट. आरामाच्या बाबतीत सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या फॅमिली गाडीनं जे ठरवलं होतं ते आजच्या कन्सेप्टवाल्यांनी मधेच सोडून दिलंय याचं मला वाईट वाटतं. आणि डीएस दिसायला काय कमी होती? आजही तिचा फोटो दिसला की लोक थांबून बघतात. छोटी चाकं ठेवूनही गाडी सुंदर काढता येते, मागचं चाक अर्धं झाकून, बॉडीचं वजन खाली आणून. ते जास्त अवघड काम आहे, मोठी चाकं लावून प्रमाण साधणं सोपं.

शांततेबद्दल थोडं. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनचा आवाज नाही म्हणून ती आपोआप शांत असते हा समज अर्धाच खरा, इंजिन गेलं की टायर आणि वारा उघडे पडतात, आधी जे ऐकूच येत नव्हतं ते ऐकू यायला लागतं. पिलर नसलेल्या दारांना सील नीट बसवणं फार कटकटीचं असतं, दोन दारं एकमेकांवरच बंद होतात ना. रोल्स-रॉइसनं २०२० च्या घोस्टमध्ये १०० किलोच्या वर आवाज शोषणारं मटेरियल घातलं, आणि गाडी इतकी शांत झाली की बसणाऱ्याला चमत्कारिक वाटायला लागलं, मग त्यांनी सीट, एसीच्या नळ्या असे सगळे भाग एकाच हलक्या सुरात जुळवले आणि कुजबुजीएवढा आवाज मुद्दाम ठेवला. हे मला ग्रेट वाटतं. कानाला काय हवंय ते त्यांनी माणसाला बसवून शोधलं.

मटेरियलमध्ये ऑडीनं चांगली निवड केलीय, लाकूड, लोकर, सिंथेटिक कापड, धातू, त्यातलं बरंचसं रीसायकल केलेलं. लोकर सीटला उत्तम, ती घाम शोषून घेते आणि वाफ बाहेर सोडते, उन्हाळ्यात चिकटत नाही, थंडीत पहिल्या स्पर्शाला गारठा देत नाही. चामड्याला गरम करायला हीटर आणि गार करायला पंखा लावावा लागतो, मग ते आरामदायक. लोकरीवर डाग पडतात आणि झिजते हे खरंय, म्हणून मांड्यांच्या कडेला, जिथे चढता-उतरताना घासतं, तिथे मजबूत कापड आणि बाकी लोकर असं केलं तर झकास.

काचेबद्दल मात्र जरा भीतीच वाटते. एवढा मोठा विंडशील्ड, त्याच्या खाली उघडी बसलेली माणसं. गाडीतला उकाडा नुसत्या हवेच्या तापमानावर नसतो, आजूबाजूचे पृष्ठभाग किती तापलेत त्यावरही असतो, डॅनिश शास्त्रज्ञ फांगर यांनी १९७० मध्ये माणसाला केव्हा बरं वाटतं याचं गणित मांडलं त्यात हवा, ओलावा, वारा, कपडे, हालचाल यांच्याबरोबर हे तापलेल्या पृष्ठभागांचं तापमान पण धरलंय. डोक्यावर तापलेली काच आणि तोंडावर एसीचा गार झोत, यानं डोकं धरतं. झोत न मारता पृष्ठभागच गार-गरम करणारी व्यवस्था आणि हवी तेव्हा गडद होणारी काच, हे दोन्ही असलं तर ही केबिन दिवसभर बसायच्या लायकीची.

छोट्या चैनी पण आहेत, मधल्या कन्सोलमध्ये पिण्याचं पाणी आणि त्याला जुळणारे ग्लास, आणि हे मला शॅम्पेनच्या बाटलीपेक्षा जास्त आवडलं, प्रवासात लागतं ते पाणीच. मागे दोघांसाठी सोफ्यासारखी सीट आहे, आर्मरेस्ट कडेनं गुंडाळत आलेले. पण छत तिथे उतरत गेलंय आणि पुढचे दोघं मागे कलून पडले की मागच्यांच्या पायाला काय उरणार? चौघांची सेडान म्हणून हा समतोल सुटलाय, दोघांची म्हणाल तर भारी.

पॉवरचं एका ओळीत, ५३० किलोवॅट, ९६० न्यूटन मीटर, चारही चाकं वळवणारं स्टिअरिंग, गरजेपेक्षा जास्तच आहे, आणि रेंज ७५० किलोमीटरच्या वर सांगतात ती मात्र आरामाच्या खात्यात जमा, कारण चार्जिंगची काळजी डोक्यात असली की कुठलाच मसाज लागू पडत नाही.

मी जर हे डिझाइन हातात घेतलं तर चाकं २० इंचाला आणतो आणि साइडवॉल जाड ठेवतो, छत ७-८ सेंटीमीटर वर, सीट दार उघडल्यावर बाहेर वळणारी, आणि सगळ्यात आधी पुढची पॅसेंजर सीट पूर्ण फर्स्ट क्लास करतो. कारण तिला कुठलंच सॉफ्टवेअर लागत नाही! पुढे ड्रायव्हरशेजारी बसणारा माणूस आजही काही काम करत नाही, तरी त्याच्यासमोर ड्रायव्हरसारखाच डॅशबोर्ड छातीपर्यंत आणून ठेवलेला असतो. तो मागे ढकला, लाकडाचा पट्टा द्या, पाय ठेवायला आधार द्या, चालत्या गाडीत पाठ सुरक्षित कोनापर्यंतच कलू द्या, झालं काम, लेव्हल ४ येवो न येवो.

आणि ते ६० अंश चार्जिंगला वापरायचे. ही बॅटरी ५ ते ८० टक्के व्हायला २५ मिनिटांपेक्षा कमी वेळ लागतो असं ऑडी सांगते, तेवढा वेळ गाडी उभीच असते, अपघाताची भीती नाही, मळमळ नाही, टायरचा आवाज नाही. ह्युंडाईनं आयोनिक ५ च्या पुढच्या सीटला पाय ठेवायचा आधार आणि मागे कलण्याची सोय २०२१ मध्येच दिली, ती याच उभ्या वेळेसाठी, आणि ती तर साधी फॅमिली गाडी. ग्रँडस्फिअरची सीट, तिची लोकर, ते लाकूड आणि काच गडद केलेली केबिन त्या २५ मिनिटांत ड्रायव्हरसकट दोघांनाही पूर्ण मिळू शकते, आणि त्यासाठी यातलं जवळजवळ सगळं आजच बनवता येतं.